गाठ सोडल्यावर

वस्तीतली म्हातारी माणसं त्यांना चप्पलसिस्टर म्हणायची. आरोग्य केंद्राच्या या सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसाच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघायच्या. झिजलेला तळ, सैल झालेला पट्टा, टाच दुमडून घातलेला बूट, काही म्हणता काही नजरेतून सुटायचं नाही. पडून खुब्याचं हाड मोडलं की चांगला हिंडताफिरता माणूस अंथरुणाला खिळतो आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते, असं सांगत त्या चप्पल उलटी करून दाखवायच्या. त्या येणार असं कळलं की काही आजोबा आपल्या जुन्या चपला पलंगाखाली सारायचे. एकाने तर चारचौघांत ऐकवलं होतं, की लग्न ठरवताना सासरेबुवांनीसुद्धा आपल्या पायांकडे एवढं निरखून बघितलं नव्हतं. सिस्टर हसायच्या आणि पलंगाखाली हात घालायच्या.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इस्पितळात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढली होती. पुढे स्वतःचेच गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा रात्रपाळ्या सोडून केंद्रात बदली मागून घेतली. आता सकाळी घरोघर जायचं, रक्तदाब बघायचा, जखमा धुवायच्या, कोणती गोळी राहिली आणि कोणती दोनदा गिळली ते शोधायचं. आणि आठवड्यातल्या एका दुपारी केंद्राच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्यांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा वर्ग घ्यायचा. वर्गात शिकवता तरी काय, असं त्यांच्या नवऱ्याने एकदा विचारलं. न पडायला आणि पडलंच तर उठायला, असं त्यांनी सांगितलं. हे मला कुणी तरुणपणी का शिकवलं नाही, असं म्हणून तो कांदा चिरायला बसला. तो छापखान्यात कामाला होता आणि घरी आल्यावर स्वयंपाक त्याचा असे.

टेलरचं घर त्यांच्या फेरीत आलं ते त्याच्या आईच्या जखमेमुळे. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर माय-लेक दोघंच राहायचे. टेलरने लग्न केलं नव्हतं. शाळेचे गणवेश शिवायचं काम तो घरीच करायचा. खोलीभर निळ्या कापडाचे गठ्ठे, खिडकीशी मशीन आणि मशीनला लागून आईची खुर्ची. आईला स्मृतिभ्रंश जडला होता. ती लेकाला ओळखायची, पण लेक म्हणून नाही. कधी त्याला मास्तर म्हणायची, कधी शेजारी समजून घरी जायला सांगायची. माकडहाडापाशी तिला जखम झाली होती. सतत बसून कातडी दबली की होते तशी.

सिस्टर जखम धुवायच्या, पट्टी बदलायच्या आणि आजींना तासातासाने उठवा, दोन पावलं चालवा, असं टेलरला बजावायच्या. तो मान डोलवायचा. माणूस मोठा नीटनेटका होता. आजीचे केस विंचरलेले, नखं कापलेली, कपडे धुतलेले. गोळ्या चुकत नव्हत्या. जेवणही ठीक होतं. पण जखम काही भरेना. उलट एका भेटीत तिचे काठ काळे दिसले आणि सिस्टरांच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस सगळं ऐकतो, सगळं करतो, मग आई उठत कशी नाही?

त्या दिवशी पट्टी करायला आजीला पलंगावर न्यायचं होतं. एरवी सिस्टर यायच्या तेव्हा आजी पलंगावरच असायची. आज सिस्टर ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या होत्या. आजी खुर्चीत होती आणि तिच्या मांडीवर एक चादर पांघरलेली होती. सिस्टरांनी समोर वाकून, उठता का आजी, असं विचारलं आणि तिचे हात धरले. आजीने जोर केला. अंग पुढे आलं, पण कंबर जागची हलली नाही.

सिस्टरांनी चादर बाजूला केली. पोटावरून एक रुंद पट्टा गेला होता आणि खुर्चीच्या पाठीमागे त्याची गाठ होती.

मशीन थांबलं.

पट्टा टेलरने स्वतः शिवला होता. आत कापूस भरलेला, कडा दुमडून टिपलेल्या, आईला कुठे टोचू नये म्हणून आतून मऊ सुती अस्तर लावलेलं. सिस्टरांनी तो बोटांनी चाचपला. कुणी दोरीने आवळून ठेवलं असतं तर त्या कडाडल्या असत्या. एवढ्या मायेने शिवलेल्या बंधनापुढे त्यांचा आवाजच फुटला नाही.

टेलर मशीनवरून उठला नाही. खाली बघत त्याने सांगितलं, की एकदा आई दार उघडून गेली. तो कापड कापत होता. सापडली ती हमरस्त्याच्या चौकात, मधोमध, मालाच्या गाड्या दोन्ही बाजूंनी चाललेल्या. एका चालकाने गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबवली आणि मग खाली उतरून टेलरला शिव्या घातल्या. त्यानंतर तो बांधायला लागला. आधी फक्त कापड बेतताना, मग माल पोचवायला जाताना, मग जवळजवळ दिवसभर.

सिस्टरांनी गाठ सोडली. पट्टी करता करता त्या समजावत राहिल्या. बांधलेलं माणूस जास्त तडफडतं. पायातली ताकद जाते. जखम भरत नाही. आणि खुर्चीत खाली घसरलं तर पट्टा छातीशी येऊन श्वास अडकू शकतो.

टेलरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही आठवड्यातून एकदा येता, सिस्टर. बाकीचा आठवडा माझा असतो."

सिस्टरांनी जुनी पट्टी गुंडाळली आणि पिशवी उचलली.

नियमाप्रमाणे असं काही दिसलं की केंद्राच्या मोठ्या बाईंना कळवायला हवं होतं. सिस्टर जिना उतरल्या त्या हेच ठरवून. पण कळवलं की पुढे काय होणार हे त्यांना पाठ होतं. आजीला वृद्धनिवासात हलवतील. तिथे एका मदतनिसाच्या वाट्याला दालनभर म्हातारी माणसं. तिथे पट्टा नसेल, गुंगीच्या गोळ्या असतील. आणि तो टेलर त्या निळ्या गठ्ठ्यांत एकटा. केंद्राचं दार आलं तरी त्यांचं ठरेना. मोठ्या बाई टेबलाशी होत्या. त्यांनी विचारलं, आज काही विशेष? सिस्टर म्हणाल्या, नाही.  त्या रात्री त्यांनी ताट तसंच ठेवलं. नवऱ्याने भाजीत मीठ जास्त झालंय का असं विचारून पाहिलं.

त्यानंतर सिस्टर टेलरकडे एक दिवसाआड जाऊ लागल्या, घरी जाताना, स्वतःच्या वेळेत. आधी त्यांनी फक्त बघितलं. आजी उठते कधी? उठण्याआधी करते काय? बघता बघता लक्षात आलं, की आजी गाऊनची कड चुरगाळायला लागली की तिला लघवीला जायचं असतं. ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून ती उठते. शौचालय कुठे हे आठवत नाही म्हणून दाराकडे जाते, आणि दार उघडलं की बाहेर. एवढं कळल्यावर टेलरचा चेहरा पडला. आपण आईला कशासाठी बांधत होतो हे त्याला तेव्हा समजलं.

मग दोघांनी हळूहळू घर बदललं. टेलर ठरावीक वेळाने आईला शौचालयात न्यायला लागला. शौचालयाचं दार सताड उघडं ठेवून त्याने त्यावर मोठ्ठं लाल कापड लावलं, म्हणजे नजर तिकडे जावी. बाहेरच्या दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडला आणि कडीला घंटा बांधली. दुपार कलली की आजी अस्वस्थ व्हायची, त्याच्या आधीच तो तिला खोलीतल्या खोलीत फिरवायचा. हातांना काम हवं म्हणून तिच्यापुढे कापडाचे तुकडे टाकायचा. ती घड्या घालत बसायची. तिने आयुष्यभर धुलाईच्या दुकानात इस्त्री आणि घड्या घालायचं काम केलं होतं. घडी अशी पडायची की टेलरनेही बघत राहावं. तिच्या गाऊनच्या मानेपाशी त्याने पत्ता आणि फोन नंबर धाग्याने टिपून ठेवला.

पट्टा कपाटात गेला. जखमेचे काठ लाल झाले, मग गुलाबी. आजी सिस्टरांच्या हाताला धरून जिन्याच्या तोंडापर्यंत यायला लागली. सिस्टरांना वाटलं, सुटलो.

वर्गाची दुपार होती. जमिनीवरून उठायचं कसं हे शिकवायला सिस्टर स्वतः खाली आडव्या झाल्या होत्या. आधी कुशीवर व्हा, मग कोपर टेका, मग रांगत खुर्चीपर्यंत जा. आजोबा मंडळी मजा बघत होती. एवढ्यात खिशातला फोन वाजला. टेलर होता.

"आई नाहीये," तो म्हणाला. मागून गाड्यांचा आवाज येत होता. "तुमच्या सांगण्यावरून सोडलं होतं मी."

फोन बंद झाला. सिस्टर कशा उठल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वर्ग तसाच टाकून त्या पळत सुटल्या.

झालं होतं ते असं. तयार गठ्ठे न्यायला हमाल आला होता. तो आत-बाहेर करत होता आणि दर खेपेला घंटा वाजत होती. शेवटचा गठ्ठा गेला तरी घंटा आणखी एकदा वाजली. टेलरला वाटलं, हमालच असेल. तो पुढच्या कापडावर वाकला. कात्री खाली ठेवून बघतो तर खुर्ची रिकामी. मग तो तडक चौकाकडे धावला होता.

सिस्टर इमारतीशी पोचल्या तेव्हा पायऱ्यांशी कुणीच नव्हतं. चौकाच्या दिशेने जोरजोरात भोंगे वाजत होते, बराच वेळ, एकामागून एक.  पुढे गल्ली आणि गल्लीच्या टोकाला तो चौक. त्यांनी तिकडे जायला हवं होतं. पण तिथे रस्त्यावर काय पडलेलं दिसेल ते बघायची त्यांची छाती होईना. त्या इमारतीत शिरल्या. स्वतःला सांगत राहिल्या, की आजीच्या गुडघ्यांना आता उतरणं सोसत नाही, चढणं जमतं, म्हणजे ती वर गेली असेल. ते खरंही होतं. पण खरं तर त्या भोंग्यांपासून पळत होत्या, आणि हे त्यांना पायरी चढतानाच कळत होतं.

टेलरचं दार उघडंच होतं. त्याच्यावरून जिना गच्चीवर जात होता. गच्चीचं लोखंडी दार वाऱ्याने आपटत होतं.

गच्चीवर बिऱ्हाडांचे कपडे वाळत होते. चादरींच्या रांगांमधून सिस्टर पुढे गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. कठड्याचा एक भाग दुरुस्तीसाठी पाडलेला होता. तिथे नुसती एक दोरी ताणली होती. दोरीच्या बाजूलाच, उरलेल्या बुटक्या कठड्याशी आजी उभी होती. वाळलेले कपडे तिने काढले होते, घड्या घातल्या होत्या आणि कठड्यावर नीट रचून ठेवले होते. वाऱ्याने वरचा एक कपडा उडून बाहेरच्या छज्ज्यावर पडला होता. तो काढायला आजी ओणवी झाली होती. तिच्या टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या.

हाक मारावी तर आजी दचकणार. धावावं तर पावलांच्या आवाजाने वळणार, आणि वळताना तोल गेला तर संपलं. वर्गात त्या नेहमी सांगायच्या, गोंधळलेल्या माणसाला मागून धरू नका, समोरून या, हळू बोला. बोलणं किती सोपं होतं. सिस्टर लांबचा वळसा घालून कठड्याकडेने तिच्या नजरेसमोर आल्या. वाटेत दोरीवरून त्यांनी एक मोठी चादर ओढून घेतली. का घेतली हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

"आजी," त्या म्हणाल्या, जणू रोजचंच आहे, "हिचं एक टोक धरता का? मला एकटीला घडी जमत नाही."

आजीने मान वळवली. टाचा खाली टेकल्या. पण एक हात अजून कठड्याबाहेरच होता. तिने सिस्टरांकडे बघितलं आणि मग चादरीकडे बघितलं. सिस्टरांनी चादर मुद्दाम वेडीवाकडी धरली होती, एक टोक जमिनीला लागत होतं.

"मळेल ना," आजी म्हणाली, आणि हात मागे घेतला.

तिने टोकं पकडली. सिस्टर एक पाऊल मागे सरकल्या, चादर ताणली गेली, तशी आजी एक पाऊल पुढे आली. टोकाला टोक जुळवायला दोघी जवळ आल्या. पुन्हा सिस्टर मागे, पुन्हा आजी पुढे. दर घडीला कठडा थोडा लांब जात होता. सिस्टरांचं सगळं लक्ष आजीच्या पायांवर होतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात दाराशी टेलर आला. धापा टाकत होता. त्याने कठडा बघितला, दोरी बघितली, मध्ये आई बघितली, आणि त्याचं तोंड उघडलं. सिस्टरांनी नुसती मान हलवली, एवढीशी. त्याने तोंड मिटलं. भिंतीला धरून तो क्षणभर उभा राहिला, मग सावकाश आला आणि आईच्या समोर उभं राहून सिस्टरांच्या हातातलं टोक घेतलं. उरलेल्या घड्या माय-लेकांनी घातल्या. घडी पुरी झाली तेव्हा त्याने चादरीसकट आईचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत.

चौकातले ते भोंगे कशाचे होते, हे सिस्टरांना पुढेही कधी कळलं नाही.

खोलीत आल्यावर टेलरने आईला खुर्चीत बसवलं, कपाट उघडलं आणि पट्टा बाहेर काढला. तो हातात धरून सिस्टरांपुढे उभा राहिला.

"सांगा आता. काय करू?"

सिस्टर पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या.  इतकी वर्षं लोकांना सांगण्यात गेलेली. आत्ता एक वाक्य सापडेना.

"मला माहीत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज बांधलंत तर मी अडवणार नाही. पण मी इथून उठणारही नाही."

 टेलरने पट्टा मशीनवर टाकला आणि तो जमिनीवरच बसला, आईच्या पायांशी, गुडघ्यांत डोकं घालून. आजीने त्याच्याकडे वाकून बघितलं.

"दमलात वाटतं, मास्तर," ती म्हणाली. "जा आता घरी. उरलेलं मी करते."

त्यावर तो रडला की हसला ते सांगणं कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतःहून मोठ्या बाईंपुढे उभ्या राहिल्या आणि पट्ट्यापासून गच्चीपर्यंत सगळं सांगितलं. बाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या, तेच जास्त जड गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, की म्हातारी खाली पडली असती तर मला हे कधी समजलं असतं?  त्यांच्या घरभेटी काही काळ बंद झाल्या आणि त्या केंद्रात पट्ट्या कापत बसल्या. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, तू चुकलीस असं सांगितलं आणि ताट वाढलं. सिस्टरांना त्या दोन्ही गोष्टींची गरज होती.

पण बाई टेलरच्या घरी स्वतः जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी आजीला निवासात हलवायची गोष्ट काढली नाही. केंद्राची मागची खोली वर्गाचा दिवस सोडून दुपारी रिकामीच असते, तर अशा चार म्हाताऱ्यांना तिथे बसवायला काय हरकत आहे, असं त्याच म्हणाल्या, आणि त्यांना सांभाळायला कोण बसणार हे विचारायची गरजच नव्हती, सिस्टर होत्याच. टेलर माल पोचवायला जायचा तेव्हा आईला तिथे सोडायचा. घरात त्याने मशीन फिरवून तोंड दाराकडे केलं. समोरच्या बिऱ्हाडातला निवृत्त बसचालक आपली खुर्ची जिन्याच्या तोंडाशी मांडून पेपर वाचायला लागला. आयुष्यभर प्रवाशांना दारात उभं राहू नका सांगितलं, आता मीच दारात बसतो, असं त्याचं म्हणणं. आई आज अस्वस्थ आहे की शांत, हे टेलर त्याला सांगून ठेवायचा. भीती गेली नव्हती. घंटा वाजली की टेलर अजून ताडकन उठायचा. आजी पुढेही एकदा जिन्यापर्यंत गेली आणि बसचालकाशी दोन गोष्टी बोलून परत आली. जखम भरली. त्यानंतरच्या थंडीत छातीत कफ साठून ती गेली, स्वतःच्या पलंगावर, लेक पाणी चमच्याने पाजत असताना. अंगावर कुठेही वळ नव्हता.

सिस्टरांच्या घरभेटी त्याच्या आधीच पुन्हा सुरू झाल्या होत्या. आई गेल्यावर काही आठवड्यांनी टेलर वर्गाच्या दिवशी केंद्रात आला आणि मला थोडं बोलायचंय म्हणाला. बोलायची सवय नव्हती. हातातला मापाचा टेप बोटांना गुंडाळत, सोडत, अडखळत त्याने सांगितलं, की मी माझ्या आईला बांधत होतो.  माझं चुकलं असं तो म्हणाला नाही. सोडल्यावर ती हरवली हेही त्याने लपवलं नाही. तरी सोडलं ते बरं झालं, एवढं म्हणून तो खाली बसला.

वर्ग सुटला. माणसं काठ्या, चष्मे, पिशव्या सावरत निघून गेली. सिस्टर खुर्च्या एकावर एक रचत होत्या. मागच्या रांगेत एक बाई बसून राहिली होती. सासऱ्यांना घेऊन नेहमी यायची, आज एकटीच आली होती. ती हातातल्या किल्ल्या सारख्या चाचपत होती.

"सिस्टर," तिने विचारलं, "दाराला बाहेरून कुलूप लावलं, तर तेही बांधणंच का हो?"

तिची नजर घड्याळाकडे जात होती.  त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या. "आधी तुमच्या घरी जाऊ. वाटेत बोलू."